एक प्रत, एक मत

१४ जानेवारी

भिंगरे,

तुझे पत्ते शोधण्यात माझं निम्मं आयुष्य चाललंय. मागचं पाकीट ‘इसम राहत नाही’ असा शेरा घेऊन परत आलं. इसम कुठेच राहत नाही, हे त्या पोस्टमनला कोण सांगणार. दादाला विचारलं तर तो म्हणाला, “मुलगी माझी आहे, पण पत्ता तुझ्याकडेच असतो ना.” म्हणजे बापानेही हात वर केले. हल्ली कुठल्याशा फळबागेच्या पॅकिंग शेडमध्ये आहेस असं कळलं, म्हणून तिथे लिहितेय.

आता कामाचं. वाचक मंडळाच्या पुरस्काराची यादी लागली. तीन कादंबऱ्या. पहिली पंखवाली, म्हणजे त्या ड्रॅगनांच्या मालिकेचा पाचवा खंड, उशीएवढा जाड. दुसरी घड्याळवाली, तिच्यात एक माणूस काळात मागे जाऊन स्वतःलाच नोकरीवर ठेवतो. तिसरी मीठवाली, मिठाच्या ग्रहावरची, लेखिकेचं पहिलंच पुस्तक.

मंडळाचा नियम तुला पाठ आहे, तरी लिहिते, कारण तुझ्या डोक्यात काही मुक्कामाला राहत नाही. एक प्रत, एक मत. दोघांत मिळून एक प्रत असेल तर दोघांचं मिळून एक मत, आणि दोघांचं जमलं नाही तर चिठ्ठी कोरी. मंडळातल्या त्या नणंद-भावजयीची चिठ्ठी मला आठवतंय तेव्हापासून कोरी जातेय, पण त्या निदान भांडून कोरी टाकतात. मागच्या वर्षी आपली कोरी गेली ती तुझं उत्तरच आलं नाही म्हणून. आपले अध्यक्ष, दातांचे डॉक्टर, सगळ्यांदेखत म्हणाले, “बाइंडरबाई, तुमची भाची यानातून उतरली नाही का अजून?” मी हसले. घरी आल्यावर नाही हसले.

तेव्हा नीट ऐक. यंदा पुन्हा असं झालं तर मी माझी वेगळी प्रत विकत आणणार. तुझी तुला, माझी मला. तू लहान असताना एका पुस्तकावरून आपली ओढाओढी झाली, आणि मी वैतागून त्याची शिवणच उसवली. वाचून झालेली जुजं, म्हणजे शिवलेल्या पानांच्या घड्या, तुझ्याकडे, पुढची माझ्याकडे. तेव्हापासून आपल्यात दुसरी प्रत आली नाही. आणायची मला हौस नाही. पण एकटीने किती ओढायचं?

पद्धत नेहमीचीच. पंखवाली आणि घड्याळवाली माझ्या वाचून झाल्यात, त्या उद्या टाकते. मीठवाली जसजशी वाचीन तसतसा एकेक भाग उसवून पाठवीन. तीन भाग आहेत, भागांना नावं नाहीत, आकडे नाहीत, नुसती मिठाच्या ढिगाची चित्रं आहेत. नवी फॅशन. कव्हर आणि सुरुवातीची नावाबिवाची पानं माझ्याकडे ठेवलीत. बुकपोस्टात चिठ्ठी चालत नाही, त्यामुळे पाकिटात नुसतं पुस्तक असेल, ‘आत्या मला काही लिहीत नाही’ म्हणून दादाकडे गळा काढू नकोस. तुमच्या कामगारांच्या पत्रपेटीची फट म्हणे अरुंद आहे. मीठवालीला तळाशी उगाच दोन बोटं कोरी जागा सोडलेली, ती कटिंग मशीनवर उडवून टाकली. आता फटीत जाईल.

दुसरा नियमही ध्यानात ठेव. गोष्ट सांगायची नाही. आवडलं, नाही आवडलं, का ते लिही, पण पुढे काय होतं ते पत्रात आलं तर मी पत्र फाडते, तुला माहीत आहे.

मतदान मे महिन्याच्या पहिल्या रविवारी.

आत्या


२६ फेब्रुवारी

आत्या,

ओरडू नकोस, पण मी पॅकिंग शेड सोडली. त्याचं असं झालं की फळांना चकाकी यावी म्हणून मेण लावतात, आणि त्या मेणाने माझ्या बोटांचे ठसेच गेले, आणि माझ्या मनात आलं की आता मी चोरी केली तरी सापडणार नाही, आणि मग काय चोरावं याचा विचार करत बसले तर पट्ट्यावरून फळं पुढे निघून गेली. मुकादमाने बोलावलं. मी म्हटलं, तुम्ही काढण्याआधी मीच जाते. नंतर बोटीच्या स्वयंपाकघरात थोडे दिवस भांडी घासली, आणि आता एका मोठ्या हॉटेलच्या तळघरात कपडे धुण्याच्या खात्यात आहे. नव्या पत्त्याचं कार्ड तुला मिळालेलं दिसतंय, कारण इथे मीठवालीचं पाकीट येऊन पडलंय.

पंखवाली शेडमध्येच संपवली. आत्या, पाच खंड झाले आणि ते ड्रॅगन अजून पोचलेच नाहीत. आमचं मालगाडीचं पार्सलसुद्धा आधी पोचतं. सुरुवातीला नकाशा आहे, नकाशावर जेवढी गावं तेवढ्या सगळ्या गावांना नायक जातो, म्हणजे ही कादंबरी आहे की सहल? शिवाय भविष्यवाणी. पहिल्या खंडात एका म्हातारीने सांगून टाकलंय कोण राजा होणार, मग उरलेल्यांनी कशाला एवढी मारामारी करायची, घरी बसायचं. आणि लढाईनंतर सगळे वीर गरम पाण्याच्या झऱ्यात जाऊन कपड्यांवरचं रक्त धुतात. गरम पाण्यात रक्ताचा डाग पक्का बसतो, हे मला इथे पहिल्याच दिवशी शिव्या देऊन शिकवलंय. सबंध सैन्य तपकिरी डागांचं फिरत असणार.

घड्याळवाली बोटीवर वाचली. तो स्वतःलाच नोकरीवर ठेवतो तोपर्यंत मजा आहे, स्वतःला पगारवाढ नाकारतो तेव्हा मी मोठ्याने हसले आणि हातातली कढई पाण्यात गेली. पण मग ते यंत्र कसं चालतं हे सांगायला लागतो तो थांबतच नाही. लग्नातल्या त्या काकांसारखा, ज्यांना आपण फक्त ‘प्रवास कसा झाला’ एवढंच विचारलेलं असतं.

मीठवालीला आत्ताच हात घातलाय. नियम आहे म्हणून काही सांगत नाही. पण सुरुवात वाचली आणि मी चादरींच्या गाठोड्यावर बसूनच राहिले. असा प्रश्न टाकून सुरू होणारी कादंबरी मी वाचली नव्हती. आमच्या खात्याची बाई म्हणाली, “महाराणी, गाठोडं बसायला नाही, उचलायला असतं.” पुढचं पाकीट लवकर टाक ना. एवढ्यात मला दुसरीकडे जायचं मनात नाही, बहुतेक.

तुझी भिंगरी


९ मार्च

भिंगरे,

‘बहुतेक’ या शब्दावर तुझ्या बापाने घर बांधलं असतं तर आज आम्ही सगळे उघड्यावर असतो.

पाकिटं मी सगळी केव्हाच टाकलीत. तुझ्यामागे पळत असतील बिचारी.

मंडळात सध्या नुसता धुरळा आहे. डॉक्टरांनी घड्याळवालीचा प्रचार चालवलाय. समोर माणूस तोंड उघडून बसलेला असतो, त्याला बोलता येत नाही, त्याचा फायदा घेतात. परवा मी दाढ दाखवायला गेले तर म्हणाले, “विज्ञान कादंबरी म्हणजे विज्ञान हवं. मीठवालीत त्या यानाचं इंजिन कसं चालतं हे कुठे आहे? असंच उडतंय?” मी तोंडात कापूस घेऊन म्हटलं, “तुमची स्कूटर कशी चालते ते तुम्हाला माहीत आहे का?” त्यांना ते ‘हो हो’ असं ऐकू आलं असावं, कारण खूश झाले. नणंद म्हणते, ड्रॅगन म्हणजे पंख लावलेली पाल, तिला कसला पुरस्कार. भावजय म्हणते, पाल तर पाल, पण तिच्यासाठी मी पाच खंड रडलेय. एका सोफ्यावर एक पुस्तक मांडीवर घेऊन बसतात दोघी, एकीचं पान संपलं नसलं तरी दुसरी उलटते.

माझं मत सांगते. मीठवाली मी संपवली. भाषा चांगली आहे, मिठाचं काम तर असं लिहिलंय की वाचताना माझ्या बोटांच्या चिरा चुरचुरल्या. पण तो शेवट. नियम मीच केलाय म्हणून गप्प बसते, एवढंच लिहिते की त्या लेखिकेला काळीज नाही. शेवट वाचून मी पुस्तक मिटलं आणि दुकान उघडं टाकून कोपऱ्यापर्यंत चालत गेले, कशाला गेले ते आठवेना, परत आले.

त्यापेक्षा पंखवाली बरी. डाग का राहिनात, त्यातली माणसं निदान एकमेकांकडे परत येतात. मी पंखवालीला मत द्यायला तयार आहे. तू मीठवाली संपव आणि कळव.

दादाचा गुडघा बरा आहे. तू विचारलं नाहीस, तरी.

आत्या


३० मार्च

आत्या,

संपली. उरलेली दोन पाकिटं शेडवरून तीन-तीन शिक्के खाऊन आली, त्यातलं एक आधी आणि एक नंतर, मध्ये मी नुसती तडफडत होते. शेवटचा भाग मी इस्त्रीच्या टेबलाखाली बसून वाचला. तिथे उबदार असतं आणि कोणाला दिसत नाही.

तू काय लिहितेस मला कळत नाही. काळीज नाही? मी हा शेवट वाचून दिवसभर हसत होते, आमच्या बाईंनी विचारलं, “कुठे जमलं का?” इतका आनंदाचा शेवट मी आजवर वाचलेला नाही. म्हणजे सुरुवातीला एवढा एकटेपणा, मध्ये एवढी वणवण, आणि मग कुठलीही भविष्यवाणी नाही, राज्याभिषेक नाही, नुसतं ते शेवटचं पान. मला तर वाटतं पुरस्कार अशाच पुस्तकाला द्यायचा असतो. डॉक्टरांचं इंजिन राहू दे. पुरस्काराचं ते पितळी यान मंडळाच्या कपाटात पडून असतं, त्याचा एक पंख मोडलाय, ते तरी कुठे इंजिनावर चालतं.

आणि काळाचा तो खेळ. घड्याळवालीने एवढी यंत्रं लावून जे जमवलं नाही ते या बाईने नुसते भाग मागेपुढे लावून जमवलं. तुझ्या लक्षात आलं का? आलंच असेल.

तेव्हा आपलं मत मीठवालीला. यंदा मी वेळेवर कळवतेय, माझ्याकडून एकही चूक नाही. पंखवाली म्हणशील तर मी चिठ्ठीवर सही करणार नाही. तुला शेवट पुन्हा वाचायला हवा, चष्मा पुसून.

जाता जाता, बंदरात एक माणूस जुनी जहाजं रंगवायला माणसं गोळा करतोय. मी नुसतं विचारलं.

भिंगरी


९ एप्रिल

भिंगरीस,

तुझं पत्र मिळालं. ‘इतका आनंदाचा शेवट’ हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं, चष्मा पुसून.

तो शेवट ज्याला आनंदाचा वाटतो, त्याच्याशी माझं पुस्तकांबद्दल बोलणं कठीण आहे. मला वाटायचं, तू येत नाहीस कारण तू विसराळू आहेस, एका गोष्टीतून दुसरीत शिरतेस, तुझा स्वभावच तो. आता कळलं. तुला ते तसंच बरं वाटतं. वाटू दे. कोणी कोणाला बांधून ठेवू नये, पुस्तकं सोडून.

मीठवालीला माझं मत नाही. तुझी सही लागणार नाही आणि माझीही नको. पुस्तकवाल्याला मी दुसरी प्रत आणायला सांगितलीय. या रविवारी येईल. तुझ्याकडचे भाग परत पाठव किंवा नको पाठवूस.

जहाजं रंगवताना दोर तपासून घे.

आत्या


१९ एप्रिल

आत्या,

मी तुला फोन केला तर तू उचलला नाहीस. दादांना केला तर ते म्हणाले, “तुमचं पुस्तकांचं मला सांगू नका, मागच्या वेळी मी मध्ये पडलो तर दोघींनी मलाच झापलं.” मग मी ते जहाजवाल्याचं काम घेतलं नाही, का ते मलाच माहीत नाही, रागात माणसं नको ते घेतात, मी हातचंच सोडलं.

कादंबरीच्या शेवटावरून कोणी नातं तोडतं का? आपण त्या बोलणाऱ्या झाडांच्या कादंबरीवरून महिनाभर भांडलो होतो, तेव्हा तू माझ्या डब्यात रिकामं पाकीट ठेवलंस, वर लिहिलंस ‘तुझ्या मताचं वजन’, पण दुसरी प्रत नाही आणलीस. आता मी असं काय लिहिलं? आवडलं म्हटलं. ‘आवडलं’ ही शिवी कधीपासून झाली? मला काय बरं वाटतं आणि मी का येत नाही, हे तू एका मिठाच्या ग्रहावरून ठरवलंस. मी येत नाही कारण प्रत्येक वेळी निघताना वाटेत काहीतरी दिसतं. एवढंच आहे. याहून खोल मी नाही, तू उगाच विहीर समजतेस, डबकं आहे.

भाग परत पाठवतेय, पण सुटे नाही. मी शिवलेत. इथे चादरींच्या कडा शिवायला जाड दोरा असतो, तो मेणातून ओढून घेतला, तू शिकवल्यासारखा. टाके आडवेतिडवे आहेत, हसू नकोस. ज्या क्रमाने वाचलं त्या क्रमाने, पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत, आता एक पानही हलणार नाही. आणि एक सांगू का, पाठीवरची ती तुझी शाईची तिरकी रेघ यंदा पार वाकडी पडलीय. एकदम खाली, मग मध्ये, मग वर उडी. पूर्वी एका ओढीत सरळ यायची. हात थरथरतो का गं? डॉक्टरला दाखव. दातांच्या नाही.

तुझ्या नव्या प्रतीच्या आधी ही एकदा वाच. आपली आहे.

भिंगरी


४ मे

भिंगरे,

माझा हात थरथरत नाही. तुझं डोकं थरथरतं.

पार्सल शुक्रवारी आलं. मी कागद सोडला, पुस्तक उभं धरलं आणि पाठ बघितली. बये, बाइंडर ती तिरकी रेघ शोभेला ओढत नाही. सगळी जुजं एकत्र धरून वरून खाली एकच रेघ मारायची, म्हणजे एखादी घडी जागची हलली की रेघ मोडते आणि आंधळ्यालाही कळतं. इतकी वर्षं माझ्या दुकानात लुडबुड केलीस, डिंक केसांना लावून घेतलास, आणि एवढं तुझ्या डोक्यात शिरलं नाही? रेघ वाकडी दिसली तर तुला आत्याचा हात दिसला. पुस्तक नाही दिसलं.

तू शेवटचा भाग पहिला शिवलायस. मग मधला. मग पहिला.

मी तिथेच स्टुलावर बसले. तुझी पत्रं काढली. तू स्वच्छ लिहिलं होतंस की उरलेली दोन पाकिटं शेडवरून आली. शेडवर मी पहिले दोन भाग पाठवले होते. तिसराच तेवढा हॉटेलवर टाकला. मी रागात तुझं पत्र वाचलं, म्हणजे वाचलंच नाही. आणि पानांचे आकडे कुठे होते म्हणशील, तर ते तळाशी छापलेले होते, त्या दोन बोटांत. ती मी स्वतःच्या हाताने उडवली आणि कचऱ्यात टाकली. तेव्हा निम्मी गाढव मी. अर्ध्याहून थोडी कमी.

आता आपल्या दोघींचं वाचून झालंय, म्हणून गोष्ट लिहिते, माझ्या क्रमाने. मावशी आणि मुलगी मिठागरात एकत्र काम करतात, मिठाचा मोठा ढीग, दिवस मावळताना दोघी एका फावड्यावर टेकून उभ्या राहतात. हा पहिला भाग. मग मुलगी यानात बसून निघून जाते, या ताऱ्यावरून त्या ताऱ्यावर. हा दुसरा. तिसऱ्यात मावशी एकटी, ढीग मूठभर उरलेला, ती रेडिओ लावून रोज विचारते, “कोणी ऐकतंय का?” आणि पुस्तक संपतं. हा तो आनंदाचा शेवट, ज्याच्याबद्दल तू मला लिहिलंस. आता सांग, मी काय समजायचं होतं?

शनिवारी दुकान बंद ठेवून मी तुझ्या क्रमाने वाचलं. टाके इतके घट्ट की पुस्तक धड उघडत नाही, दोन्ही अंगठे दुखले. वाचून झाल्यावर कोपऱ्यापर्यंत गेले नाही. चहा केला.

रविवारी मंडळात दोन्ही प्रती पिशवीत होत्या. नवी आणि ही. डॉक्टरांनी नेहमीसारखं घड्याळवालीच्या यंत्रावर भाषण केलं, मग एकेकाला विचारत आले. “बाइंडरबाई, ऐकलं की यंदा तुमच्या दोन प्रती? मग दोन मतं.”

मी म्हटलं, “प्रत एकच.” आणि तुझी टेबलावर ठेवली.

त्यांनी ती उघडली, उलटली, पालटली. “हे काय, पहिला भाग शेवटी आहे. बाई, ही प्रत चुकीची शिवलेली आहे. यादीत आहे ती कादंबरी ही नव्हे.”

“शब्द सगळे तेच आहेत. मोजून घ्या.”

“क्रमाला काही अर्थ आहे की नाही? उद्या मी दाढेच्या जागी पुढचा दात बसवला तर?”

“तुमची घड्याळवाली तेच करते की. माणूस म्हातारा होऊन मग जन्माला येतो.”

“तिथे त्याला यंत्र आहे.”

“इथे भाची आहे.”

मग नणंदेने पुस्तक ओढून घेतलं, भावजय तिच्या खांद्यावरून वाचायला लागली. या वेळी पान दोघींचं संपल्यावरच उलटलं. नणंद म्हणाली, “चालेल ही प्रत.” भावजय म्हणाली, “चालेल.” त्या दोघींचं एकमत झालेलं मंडळाने पहिल्यांदा पाहिलं. डॉक्टरांनी चष्मा काढला आणि चिठ्ठ्या वाटायला घेतल्या.

मी चिठ्ठीवर मीठवाली लिहिलं. तुझी सही तू कळवली होतीस, माझी मी केली.

पुरस्कार पंखवालीला मिळाला, भरघोस मतांनी. नणंद-भावजयीची चिठ्ठी पालीवरून पुन्हा कोरीच. मीठवालीला मतं पडली दोन. एक आपलं आणि दुसरं डॉक्टरांचं, हे चिठ्ठ्या मोजताना अक्षरावरून कळलं. घड्याळवालीसाठी घसा कोरडा केला आणि मत इकडे दिलं. विचारलं तर म्हणाले, “इंजिन नव्हतं, पण मिठागर बरोबर होतं.”

नवी प्रत मी नणंद-भावजयीला देऊ केली. म्हटलं, घ्या, आता दोन प्रती, दोन मतं, कोरी चिठ्ठी बंद. दोघी अशा बघायला लागल्या, जणू मी घरात भिंत घालायला सांगितली. “नको बाई,” भावजय म्हणाली, “आमचं एकात चाललंय.” मग ती पुस्तकवाल्याकडे परत नेली. त्याने कुरकुर केली, घेतली.

तुझं पुस्तक मी उसवलेलं नाही अजून. योग्य क्रमाने शिवायला हवं, ते काम आहे माझं. पण तुला विचारल्याशिवाय नको वाटलं.

आत्या


१५ मे

आत्या,

तुझं पत्र मी आधी इस्त्रीच्या टेबलाखाली वाचलं, मग गच्चीवर जाऊन, मग मी आमच्या बाईंना सगळी गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, “पुस्तकाला पानांचे आकडे असतात ना?” मी म्हटलं, “आमच्या घरी कापतात.”

आधी मला राग आला, खरं सांगते. माझी चांगली कादंबरी होती आणि तू ती सरळ केलीस. मुलगी जाते आणि येतच नाही, हे काय पुस्तक झालं? मग मी विचार करत बसले, एका मशीनमध्ये पांढऱ्यात लाल रुमाल गेला, चाळीस उशांचे अभ्रे गुलाबी झाले, ते सोड.

मी काय विचार केला ते लिहिते, मला नीट लिहिता येत नाही, समजून घे. ती मावशी रेडिओवर विचारते, कोणी ऐकतंय का. तुला हे शेवटच्या पानावर भेटलं, म्हणून तुला वाटलं, कोणीच नाही. मला पहिल्या पानावर भेटलं. पहिल्या पानावर कोणी प्रश्न विचारला की उत्तर पुढे असणारच, नाहीतर कशाला कोण पुस्तक लिहील. मी सबंध पुस्तक ते उत्तर शोधत वाचलं. मधली वणवण मला जाणं वाटलंच नाही. मला वाटलं, ती हाक ऐकू आली म्हणून मुलगी निघालीय, आणि तिला वाट सापडत नाहीये, कारण वाटेत सारखं काहीतरी दिसतंय. शेवटी सापडते, काळच मागे वळतो, ढीग पुन्हा मोठा होतो. दोघी फावड्यावर टेकतात. मी हसले ते यासाठी.

ते उसवू नकोस. उसवायचंच असेल तर माझ्यासमोर उसव.

मी इथला हिशेब करून टाकलाय. गुलाबी अभ्रे धरून हातात फार उरलं नाही, बस भाड्यापुरतं आहे. पुढच्या आठवड्यात निघते. मध्ये एका गावात म्हणे काचा फुंकून बरण्या करतात, तिथे बस थांबते. मी उतरणार नाही. खिडकीतून बघीन.

भिंगरी


२२ मे

भिंगरे,

घाईत कार्ड लिहितेय, तू निघण्याआधी पोचलं तर पोचलं.

पंखवाली अख्खी तुझ्याकडेच आहे, ती घेऊन ये. नणंद मागतेय, पालीवर तिला आता शेवटचं भांडायचंय. डॉक्टर विचारतात, बाइंडरबाईंची भाची खरोखर आहे की कल्पित. येऊन दात दाखव.

ते पुस्तक गल्ल्याशेजारी उभं आहे, पाठ बाहेर करून. गिऱ्हाइकं विचारतात, बाई, तुमच्या दुकानात ही रेघ अशी मोडकी कशी? मी सांगते, दोघींनी वाचलंय.

काचेच्या गावी उतरलीसच, तर झाकण घट्ट बसतंय ना ते बघून एक बरणी आण. डिंकाला हवीय.

आत्या